एअरब्रशसाठी (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) २-३ मिली रंग कालवायचा असेल तर दर वेळी तीच शेड कशी आणायची?

डबेवाला_८७
मंडळी, एचओ स्केलमध्ये (म्हणजे मूळच्या १/८७ आकारात) जुन्या डेक्कन क्वीनचा रेक, म्हणजे डब्यांचा अख्खा संच करतोय. १९३० ला गाडी सुरू झाली तेव्हा सात-सात डब्यांचे दोन रेक होते, एक चंदेरी आणि एक रॉयल ब्लू त्यावर सोनेरी रेघा, त्यातला निळा घेतलाय. शेड डोळ्याला बरी दिसेल अशी आपणच ठरवली, टामिया या मॉडेलच्या रंगांच्या कंपनीचा एक्स-३ (तो नावानेच रॉयल ब्लू आहे पण जरा भडक वाटतो) २० भाग आणि एक्स-१ काळा १ भाग. आता अडचण अशी की डबे एकेक करून तयार होतात, म्हणजे दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा कालवायचं, आणि एका वेळी निळा घेतो जेमतेम २ मिली. त्याला काळा लागतो ०.१ मिली म्हणजे दोन थेंब. थेंब मोठा पडला की संपलंच. तुम्ही लोक एवढं कमी कसं मोजता? ड्रॉपर, सिरिंज की वजनकाटा? एअरब्रश ०.३ मिमी नोझलचा आहे, ग्रॅव्हिटी फीड (रंगाचा कप वर असतो), हवेचा दाब १५-१८ पीएसआय.

खटपट_मास्तर
थेंब मोजणं आधी बंद करा राव. १ मिलीत २० थेंब हा हिशोब पाण्याचा, तोही ढोबळ. थेंब केवढा पडणार हे ड्रॉपरच्या तोंडावर असतं, तो उभा धरलाय का तिरका त्यावर असतं, रंग किती घट्ट आहे त्यावर असतं. आणि एक्स-२०ए या टामियाच्या थिनरमध्ये (रंग पातळ करायचा द्राव) अल्कोहोल आहे, त्याचा पृष्ठताण पाण्यापेक्षा बराच कमी, त्यामुळे त्याच ड्रॉपरमधून त्याचा थेंब चांगलाच बारीक पडतो. म्हणजे "१० थेंब रंग १० थेंब थिनर" हे एकास एक होतच नाही, आपण फक्त मनाचं समाधान करून घेतो.

मेडिकलमध्ये १ मिलीची सिरिंज मिळते, सुई काढून टाका आणि तीच वापरा. पण तुमची खरी अडचण सिरिंजनेही सुटणार नाही कारण ०.१ मिली मोजताना सिरिंजच्या टोकात जे उरतं तेच त्यातला बराचसा भाग खातं. म्हणून काळा आधीच पातळ करून ठेवायचा. छोट्या काचेच्या बाटलीत १ मिली काळा आणि ९ मिली एक्स-२०ए. आता याच्या १ मिलीत काळा बरोबर ०.१ आणि थिनर ०.९. तुम्ही फवारण्यासाठी थिनर टाकणारच आहात ना, तर तो ०.९ त्यातून वळता करा. म्हणजे निळा २ मिली, हे काळं पाणी १ मिली, वर साधा थिनर १.२ मिली, झालं ४.२ मिली आणि रंग-थिनर एकास एक. ०.१ मोजण्याऐवजी १ मोजलंत म्हणजे हाताची चूक तेवढीच राहिली तरी शेडवरचा परिणाम दहावा हिस्सा झाला. फक्त इतका पातळ रंग लगेच खाली बसतो, काढायच्या आधी दर वेळी बाटली दणकून हलवा, आत स्टीलचे एक-दोन छर्रे टाकून ठेवा.

काटा_मारू_नका
+१ काळ्या पाण्याला, मस्तय. पण मी सिरिंज नाही, काटा वापरतो. दागिन्यांचा छोटा डिजिटल काटा येतो ०.०१ ग्रॅमचा, काही शे रुपयांत. धुवायचं काही नाही आणि वहीत आकडा लिहिला की विषय संपला. दोन गोष्टी मात्र कोणी सांगत नाही. एक म्हणजे स्वस्त काटे शून्याच्या आसपास हळूहळू वाढणारं वजन "आपलंच काहीतरी हललंय" असं समजून गिळून टाकतात. तुम्ही निळा टाकून टेअर (आकडा शून्यावर आणायचं बटण) दाबलं आणि मग थेंब थेंब काळा सोडत बसलात तर काटा ०.०० च दाखवत राहील. त्यामुळे मधे टेअर करूच नका, एकूण वजन वाचत जा आणि वजाबाकी करा. दुसरं, थिनर सगळ्यात शेवटी टाका, तो उडत असतो आणि आकडा तुमच्यासमोर खाली येताना दिसतो. पंखा बंद हे सांगायला नको.

हो आणि १ मिली रंग म्हणजे १ ग्रॅम नाही, रंग पाण्यापेक्षा जड असतो, पांढरा तर खूपच. त्यामुळे मिलीची रेसिपी तशीच ग्रॅममध्ये उचलू नका, एकदा काय ते ठरवा, ग्रॅम तर ग्रॅम.

पेणचा_पोरगा
सगळ्यांचं बरोबर आहे पण मला कळत नाही २ मिली दर वेळी कालवायचाच कशाला? आमच्याकडे गणपतीच्या कारखान्यात अंगाचा रंग मूर्तीगणिक कालवत बसलो तर अनंत चतुर्दशी उजाडेल. अख्ख्या लॉटचा एकदम कालवायचा. तुमचा डबा २३-२४ सेंमीचा, दोन्ही बाजू आणि उडून जाणारा रंग धरून एका डब्याला पातळ केलेला ४ मिली धरा. सात डब्यांचे २८, म्हणजे मूळ रंग १४-१५ मिली. टामियाची छोटी बाटली १० मिलीची असते, दोन बाटल्या निळा एका काचेच्या बरणीत ओता, त्यात १ मिली काळा, ढवळा, जुन्या नायलॉनच्या मोज्यातून गाळा. २० ला १ चं प्रमाणही आपोआप जुळलं. थिनर घालू नका, झाकण घट्ट लावून ठेवा आणि लागेल तसा काढून पातळ करा.

आणि मोजमापाच्या नादात प्रायमर (रंगाखालचा पहिला अस्तर कोट) विसरू नका. एका डब्याला राखाडी प्रायमर आणि दुसऱ्याला पांढरा असेल तर एकाच बरणीतला रंगही वेगळा दिसणार, विशेषतः पातळ कोट असतील तर. तीन कोट दिले तर सगळ्यांना तीनच. जेवणाचा प्लास्टिकचा चमचा घ्या, तोच प्रायमर मारा, तेवढेच कोट मारा, वाळू द्या आणि पहिल्या डब्याशेजारी खिडकीच्या उजेडात धरा. ओला रंग बघून कधी ठरवू नका.

डबेवाला_८७
दादा एकदम कालवायची आयडिया डोक्यातच नव्हती आली, दोन बाटल्या आजच मागवतो. खटपट मास्तर, ते काळं पाणी मी पहिल्या डब्याच्या टचअपला वापरीन, तिथे लागतोच मुळी अर्धा मिली. एक शंका, थेट एअरब्रशच्या कपात मिसळलं तर चालतं का? व्हिडिओत सगळे तसंच करतात.

खटपट_मास्तर
नुसता पातळ करायचा असेल तर चालतं. आधी थिनर मग रंग, उलटं केलं की घट्ट रंग नोझलपाशी जाऊन बसतो आणि वर कितीही ढवळा तो तसाच राहतो. बरेच जण पुढचं तोंड बंद करून कपात बुडबुडे काढतात, तेही ठीक. पण दोन रंग मिसळून शेड करायची असेल तर बाहेरच, नाहीतर पहिला फवारा एका शेडचा आणि शेवटचा दुसऱ्या.

औषधवाली
मॉडेलचं मला काही कळत नाही, नवऱ्यामुळे इथे येते, पण मेडिकल चालवते म्हणून सांगते. १ मिलीची सिरिंज मागितलीत की बऱ्याचदा इन्सुलिनची हातात ठेवतील. आपल्याकडे त्या दोन प्रकारच्या मिळतात, लाल टोपीची यू-४० आणि केशरी टोपीची यू-१००. लालवर १ मिलीचे ४० भाग, केशरीवर १००. म्हणजे वहीत "१० युनिट काळा" लिहिलंत तर एकीत ते ०.२५ मिली आणि दुसरीत ०.१. कायम मिलीच लिहा. आणि इन्सुलिनच्या सिरिंजची सुई सहसा निघत नाही, तिच्यातून घट्ट रंग काय ओढणार. "ट्युबरक्युलिन सिरिंज, सुई निघणारी" असं मागा, किंवा सरळ २ सीसीची घ्या.

काटा_मारू_नका
ताई हे भारी सांगितलंत. त्यात एवढंच जोडतो की सिरिंजच्या दट्ट्याचं काळं रबर एनसी थिनर (लॅकरचा थिनर) लागला की फुगतं आणि अडकतं. एक्स-२०ए ला तेवढा त्रास नाही. लॅकर थिनर वापरणार असाल तर काचेचा पिपेट घ्या.

डबेवाला_८७
नोंद केली सगळ्यांची. सोनेरी रेघांसाठी एअरब्रश नाही, रुलिंग पेन (रेघा ओढायचं दोन पात्यांचं पेन) वापरणार आहे, त्यात रंग किती पातळ लागतो यावर वेगळा धागा काढतो.