तारा काढल्यावर दातांवर पांढरे डाग – सोलापुरात कुणी इलाज केलाय का?

नमस्कार मंडळी,
लेकीच्या दातांच्या तारा नुकत्याच निघाल्या. दात सरळ झाले, पण वरच्या सुळ्यांवर आणि शेजारच्या दातांवर पांढरेफटक डाग आहेत. तार धरायला दाताला चिकटवलेलं ब्रॅकेट होतं तेवढा चौकोन स्वच्छ, त्याच्याभोवती हिरडीकडं पांढरी कड. दात कोरडे पडले की जास्तच उठून दिसतं. पोरगी अकरावीला आहे. गड्ड्याच्या जत्रेतल्या फोटोंतसुद्धा ओठ मिटूनच उभी.

तारा लावणारे डॉक्टर म्हणतात, थांबा काही महिने. दुसरीकडे दाखवलं तर ते थेट व्हिनिअरवर, म्हणजे दातावर पातळ कवच चिकटवण्यावर आले. सासूबाईंच्या मते हे बोअरच्या पाण्यामुळं. आमच्याकडं नळाला रोज पाणी कुठं येतं, बोअर वापरायला लागतोच. पण प्यायला नळाचंच. आयकॉन नावाचा उपचार इथं कुणी केलाय का, की पुणं गाठायचं? सांगा की.

प्रतिसाद १
बोअरला उगाच दोष नको, ताई. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असलं तर त्याचे डाग दात उगवतानाच असतात, बहुधा दोन्हीकडं सारखे. तारा लावण्याआधीचे फोटो डॉक्टरांकडं असतात, ते मागून बघा. तुम्ही सांगताय ती कड ब्रॅकेटभोवती कीट साचून आलेली वाटते. कीटातले जंतू साखरेचं आम्ल करतात, त्यानं इनॅमलमधलं, म्हणजे दाताच्या बाहेरच्या टणक थरातलं, कॅल्शियम-फॉस्फेट विरघळतं. वरचा पापुद्रा शाबूत, आत बारीक छिद्रं. दात सुकला की त्यांत हवा भरते, म्हणून पांढरेपणा वाढतो.

थांबा म्हणाले ते बरोबर आहे. लाळेतली खनिजं काही डाग फिके करतात. 1000 ते 1450 पीपीएम फ्लोराइडची साधी पेस्ट दोन वेळा, थुंकल्यावर खळखळून चूळ भरायची नाही. समोरच्या दातांना लगेच कडक फ्लोराइडचा लेप बरेच डॉक्टर टाळतात. वरचा थर घट्ट होतो, डाग आत तसाच राहतो.

आयकॉन म्हणजे रेझिन (प्लास्टिकसारखा घट्ट होणारा द्रव) दातात मुरवणं, रेझिन इन्फिल्ट्रेशन. 15 टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचं जेल दोन मिनिटं लावून वरचा थर उघडतात, दात सुकवून पातळ रेझिन आत जिरवतात, लाइटनं पक्कं करतात. ना ड्रिल, ना भुलीचं इंजेक्शन. छिद्रांत हवेऐवजी रेझिन आलं की प्रकाश जवळपास इनॅमलसारखाच जातो आणि डाग लपतो. पण ते परत काढता येत नाही, म्हणून घाई नको. खड्डा पडला असेल तर उपयोग नाही. व्हिनिअर या वयात? मी तर नाही करणार.

प्रतिसाद २
पुणं नंतर बघा, आधी इथल्याच दोन-तीन ठिकाणी फोन करून विचारा, रेझिन इन्फिल्ट्रेशन करता का. आणि लिंबू, कोळशाची पूड असलं काही घासू देऊ नका.

धागाकर्ती
फोटो मागते उद्याच. दात परत सरकू नयेत म्हणून ती रात्री रिटेनर घालते. मेडिकलवाल्यानं दाताला खनिजं देणारी सीपीपी-एसीपीची क्रीम सुचवलीय, चालेल?

प्रतिसाद १
चालेल, पण साध्या पेस्टपेक्षा फार मोठा फरक पडतो असं नाही. ती दुधातल्या केसिनपासून करतात. दुधाची ॲलर्जी असेल तर नको. आणि रिटेनर घालून उसाचा रस, कोल्ड्रिंक अजिबात नाही. गोड आतच अडकून बसतं.