मदत हवी आहे: कोल्हापूरच्या अनोळखी माणसाबरोबर सायकलीची अदलाबदल करतोय, टोकन पाठवू का नको?

उद्यमबागचा_वर्नियर

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, चालवून घ्या, समोरच्याला उद्या रात्रीपर्यंत उत्तर द्यायचंय आणि माझं डोकं चालेनासं झालंय.

मी बेळगावचा, वडगावात राहतो, उद्यमबागेत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. माझ्याकडं चार वर्षांची हायब्रीड सायकल आहे. रविवारी राजहंसगड, नाहीतर फार झालं तर जांबोटीपर्यंत जाऊन यायचं, एवढंच आपलं सायकलिंग. पण आता ग्रुपातली सगळी पोरं रोड बाइकवाली झालीत आणि मी मागनं एकटाच धापा टाकत येतो, म्हणून वापरलेली रोड बाइक बघुलालो होतो. नवी घ्यायची ऐपत नाही, म्हणजे ओढूनताणून घेता येईल पण घरी किंमत सांगायची हिंमत नाही.

मागच्या आठवड्यात एका सेकंड हँडच्या ग्रुपवर एक दिसली. अल्युमिनियम फ्रेम, कार्बन फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), शिमानो १०५ चा अकरा स्पीडवाला गिअरचा सेट, रिम ब्रेक, साइज ५४. मागतोय बासष्ट हजार, माणूस कोल्हापूरचा. मी सहज विचारलं की माझी हायब्रीड घेऊन वरचे पैसे घेणार काय, तर गडी लगेच तयार. माझी अठरा हजाराला धरली, वर चव्वेचाळीस हजार रोख. आता खरं सांगायचं तर इथंच पाल चुकचुकली, कारण माझ्या सायकलीला इथं कुणी बारा पण देईना झालंय.

पुढचं ऐका. आज पाच हजार टोकन पाठवा म्हणतोय, आणखी दोघं मागं लागलेत म्हणे. मग दोघांनी एकाच दिवशी आपापल्या सायकली खोक्यात भरून प्रायव्हेट बसच्या पार्सलला टाकायच्या आणि बिल्टीचे, म्हणजे पार्सलच्या पावतीचे, फोटो एकमेकाला पाठवायचे. बिल मागितलं तर नाही म्हणतो, "मी पण दुसऱ्याकडनंच घेतलीय." आणि वर मलाच विचारतो की तुमच्या सायकलीच्या खाली पेडलच्या तिथं नंबर कोरलेला असतो त्याचा फोटो पाठवा. ह्याला माझा नंबर कशाला पाहिजे? तो नंबर दाखवून माझीच सायकल आणि कुणाला विकायचा विचार आहे काय?

फोनवर माणूस चांगला बोलतो, वयानं लहान वाटतो, भावा भावा करतो. पण गोड बोलणाऱ्याचीच भीती वाटायलीय आजकाल.

दुसरी भानगड अशी की मी कर्नाटकात, तो महाराष्ट्रात. उद्या पैसे बुडाले तर तक्रार कुठं करायची, इकडं का तिकडं? मला कन्नड बोलायला येतं पण लिहायचं म्हटलं की घाम फुटतो. आधीच सगळ्या कागदांना आपली सीमाभागाची रड आहेच, त्यात ही आणि एक.

टोकन पाठवू का? कुणी असा व्यवहार केलाय का? आणि सायकल समोर आली तर नेमकं काय बघायचं? कास्टिंगातली क्रॅक मला दिसते, सायकलीतली दिसेल का माहीत नाही.

शहापूरची_सायकलवाली

टोकन पाठवू नको. आधी एवढं वाच, मग ठरव.

मी दोन वर्षांमागं घरात चालवायचा ट्रेनर विकायला टाकला होता, अठरा हजाराला. तासाभरात फोन. हिंदीत बोलला, आर्मीत आहे, बेळगावला पोस्टिंग झालंय, ड्यूटीमुळं बाहेर येता येत नाही, पैसे आत्ता पाठवतो, संध्याकाळी आमची गाडी येऊन सामान घेऊन जाईल. युनिफॉर्ममधला फोटो पाठवला, कार्ड पाठवलं. आता आपल्या गावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर, सकाळी कॅम्पातनं सायकल मारताना जवान पळताना दिसतात, कुणाचा ना कुणाचा मामा नाहीतर भाऊ फौजेत असतोच, त्यामुळं आर्मी म्हटलं की आपण चौकशीच करत नाही. हे त्या चोराला बरोबर माहीत असतंय.

आधी पाच रुपये पाठवले त्यानं, खरंच आले. मग एक क्यूआर पाठवला, म्हणाला स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील. आणि मी बावळटासारखी टाकला की! चार हजार गेले. लगेच त्याचा फोन, सॉरी मॅडम उलटे गेले, परत एकदा स्कॅन करा म्हणजे दोन्ही मिळून येतील. मी दुसऱ्यांदा पिन टाकणार एवढ्यात सासूबाई, भाजी निवडत बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "पैसे आपल्या घरात येणार तर किल्ली तू कशाला लावतेस गं?"

यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन लागतच नाही, पिन लागतो तो फक्त द्यायला. हे मला माहीत नव्हतं असं नाही हां. माहीत होतं. तरी टाकला. तो बोलतच इतका राहतो की विचार करायला सवड देत नाही.

मग १९३० ला फोन लावला, वीसेक मिनिटांत. लवकर केला म्हणून थोडी रक्कम पुढच्या खात्यात अडकली, परत मिळायला मात्र बरेच महिने गेले. उशीर केला असता तर तेवढी पण नसती मिळाली, हे लोक पैसे एका खात्यातनं दुसऱ्यात पळवतात.

ट्रेनर अजून घरातच आहे, त्यावर कपडे वाळतात.

जुना_हर्क्युलस

बाळ, तो तुझा नंबर मागतोय ह्यात मला तरी वावगं दिसत नाही, उलट तूच त्याचा का मागितला नाहीस?

सायकलीला आरसी बुक नसतं. मालक कोण हे सांगणारं काय असेल तर एक बिल आणि एक तो बॉटम ब्रॅकेटखालचा, म्हणजे पेडलच्या तिथला, नंबर. माझ्या भाच्यानं हुबळीत एकाकडनं चांगली गिअरची सायकल निम्म्याहून कमी भावात घेतली होती. पाच महिन्यांनी पोलीस दारात. चोरीची निघाली, सायकल गेली, पैसे गेले, वर दोनदा स्टेशनला जाऊन मला माहीत नव्हतं म्हणून जबाब देऊन आला. नव्या भारतीय न्याय संहितेत चोरीचा माल जाणूनबुजून घेणं कलम ३१७ मध्ये येतंय आणि फसवणूक ३१८ मध्ये. माहीत नसताना घेतलं तर गुन्हा नाही, पण माहीत नव्हतं हे पटवून देईपर्यंत चपला झिजतात. आणि भाव फारच कमी असेल, नंबर घासलेला असेल, तर माहीत नव्हतं म्हणणार तरी कसा?

बिल नसेल तर ज्याच्याकडनं त्यानं घेतली त्याच्याशी झालेलं चॅट आणि पैसे दिल्याचा पुरावा तरी माग.

तक्रारीचं म्हणशील तर १९३० देशभर एकच आहे, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर पण करता येते, तिथं इकडं तिकडं असा प्रश्न नाही. आपल्याकडं सायबरचे गुन्हे पोलिसांचं सीईएन (सायबर, आर्थिक, अमली पदार्थ) स्टेशन बघतंय. आणि १ जुलै २०२४ पासून नवीन कायद्यात हद्द कुठलीही असू दे, कुठल्याही स्टेशनात माहिती देता येते, झिरो एफआयआर म्हणतात ते. कन्नड लिहायला मी येतो, चहा पाज म्हणजे झालं. पण ती वेळ आणू नको.

घाटातला_ब्रेक

पार्सलला माझा सक्त विरोध. बिल्टीवर सायकल लिहिलं म्हणून खोक्यात सायकल असतेच असं नाही, विटा पण भरता येतात. आणि सायकल असली तरी मागचा डिरेल्युर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, न काढता भरली तर तो ज्याला लटकतो तो हँगर वाकून येणार, मग वाकलेली आधीपासनं का बसमध्ये ह्यावर भांडत बसा.

समोर आल्यावर काय बघायचं ते सांगतो. पहिलं म्हणजे हेड ट्यूबच्या (हँडलखालची उभी नळी) मागं, डाउन ट्यूबच्या (तिथनं पेडलकडं उतरणारी नळी) खालच्या अंगाला बोट फिरव. तिथं पेंटला सुरकुती किंवा फुगवटा लागला तर सायकल समोरनं कुठंतरी आदळलीय, भाव काही का असेना, घरी ये. पुढचं चाक काढून फोर्क आतनं बाहेरनं बघ, नखानं तपास, नाण्यानं टकटक कर, एकाच जागी आवाज बद्द आला तर संशय घे. पण नाण्याचा आवाज बरोबर आला म्हणून फोर्क चांगलाच असं नाही हां, कार्बन आतनं सोडत असेल तर वरनं कळत नाही. अल्युमिनियम वाकून तरी सांगतं, कार्बन सांगतच नाही, आणि चोर्ला घाट उतरताना फोर्क गेला तर पुढचं मी बोलत नाही. क्रॅक झाकायला स्टिकर कुठं नको तिथं चिकटवलाय काय तेही बघ.

चेन मोजायला चेकर नसला तरी चालतंय, स्टीलची पट्टी घे. पिनच्या मधोमध शून्य धरायचं, बारा इंचावर बरोबर पिनचा मध्य यायला पाहिजे. अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग पुढं गेली असेल तर अकरा स्पीडची चेन संपली समज, आणि तशीच पुष्कळ चालवली असेल तर कॅसेट (मागच्या चाकाच्या दातेरी चकत्या) पण खाल्लेली असणार. रिम ब्रेक आहे म्हणतोस तर रिमवर ब्रेक घासतो त्या पट्टीत बारीक ठिपका नाहीतर खाच असते बघ, ती दिसेनाशी झाली असेल तर रिम गेली, आणि नवं चाक स्वस्त नाही.

उद्यमबागचा_वर्नियर

@घाटातला_ब्रेक पट्टी काय, मोजमापाचा वर्नियरच घेऊन जातो. आमच्याकडं कास्टिंगला क्रॅक बघायला डाय पेनेट्रंटचा स्प्रे असतो, लाल मारायचा, पुसायचा, पांढरा मारायचा, क्रॅक असली की लाल रेघ उमटते. तो घेऊन जाऊ काय?

घाटातला_ब्रेक

नको रे देवा. पेंटवर मारून काय उपयोग, क्रॅक पेंटच्या खाली असली तर डाय आत जाणारच नाही. आणि लोकाच्या सायकलीवर लाल स्प्रे मारलास तर व्यवहाराआधी मार खाशील.

कोगनोळी_कट्टा

बेळगाव नको कोल्हापूर नको, निपाणीला भेटा की. त्याला चाळीसेक किलोमीटर, तुला जरा जास्त पडतंय, पण चव्वेचाळीस हजारासाठी एवढं चालतंय. बसस्टँडच्या आसपास दिवसाउजेडी भेटायचं, सोबत एक माणूस न्यायचा. आमच्या ओळखीचं एक सायकल दुकान आहे, तो सायकल दुरुस्तीच्या स्टँडवर लावून बघून देईल. मी पण तुला अनोळखीच म्हणा, त्यामुळं माझ्यावरही विश्वास ठेवू नको, दुकान तुझं तू शोध 😀

भेटायला नाही म्हणाला की विषय संपला. त्याआधी व्हिडिओ कॉलवर सायकल दाखव म्हण, आजचा पेपर शेजारी धरून. आणि ॲडमधले फोटो गुगल लेन्सवर टाकून बघ, आणि कुठं तेच फोटो आहेत काय कळतंय.

आणि एक, त्याला घरचा पत्ता देऊ नको, आणि स्ट्राव्हावर (राइड नोंदवायचं ॲप) घराचा पत्ता लपवायची सेटिंग असते ती चालू कर. रोज सकाळी साडेपाचला एकाच दारातनं राइड चालू होते आणि फोटोत सायकल दिसते, चोराला आणि काय पाहिजे?

उद्यमबागचा_वर्नियर

आता घोळ ऐका. फोटो लेन्सवर टाकले तर तेच फोटो बेंगळूरच्या एका जुन्या ॲडमध्ये सापडले! सेम सायकल, सेम भिंत. मी स्क्रीनशॉट पाठवून सरळ विचारलं, हे काय आहे? दोन तास उत्तर नाही. मी ब्लॉकच करणार होतो.

उद्यमबागचा_वर्नियर

अपडेट, उशीर झाला, माफी.

दोन तासांनी त्याचा व्हिडिओ कॉल आला. क्लासला होता म्हणे, कॉलेजचा पोरगा आहे. पेपर धरून सायकल दाखवली, नंबर दाखवला, बेंगळूरवाल्याशी झालेलं चॅट आणि बँकेची एंट्री पण पाठवली. सायकल त्यानं तिकडनंच घेतलेली आणि नवे फोटो काढायचा आळस म्हणून जुनेच टाकलेले. नंबर कशाला पाहिजे होता विचारलं तर म्हणाला, "भावा, मागच्या वेळी अदलाबदलीत मला दुसऱ्याच फ्रेमची सायकल आली होती. तूच चोर असशील तर?" टोकन पण त्यासाठीच, मी ऐनवेळी फिरलो तर म्हणून. मी नाही म्हणालो, तर निपाणीला यायला तयार झाला.

रविवारी मी मावसभावाला घेऊन ऑम्नीतनं गेलो. तो येताना तालमीतला एक दोस्त घेऊन आला होता, माझ्या दुप्पट. पहिली पाच मिनिटं चौघं नुसते एकमेकाकडं बघत उभे. मग मी वर्नियर काढला तसा तो तालीमवाला हसायला लागला आणि सगळं सैल झालं.

फ्रेम स्वच्छ, फोर्क ठीक. चेन अर्ध्या सुताच्या पुढं गेलेली, मागच्या रिमचा ठिपका गायब. पोराला हे माहीतच नव्हतं, तोंड पडलं त्याचं. माझ्या हायब्रीडचा मागचा हब पण कुरकुरतो हे मीच सांगून टाकलं, लपवायला लाज वाटली. शेवटी वर साडेसदतीस हजारावर मिटलं. पैसे मी समोर पाठवले, त्यानं स्क्रीनशॉट नको म्हणून आपलं बँकेचं ॲप उघडून बघितलं, मगच हात मिळवला. एका वहीच्या पानावर दोन्ही सायकलींचे नंबर, तारीख, रक्कम लिहून दोघांनी सह्या केल्या, मास्क केलेल्या आधारचे फोटो एकमेकाला दिले. मिसळ तालीमवाल्यानं खाऊ घातली.

काल पहिल्यांदा राजहंसगड मारला. अजून मागंच होतो, पण आता धापा जरा कमी.

एकच अडचण, स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) ११० मिमीचा आहे, लई वाकायला लागतंय. ९० चा कुणाकडं पडून असेल तर सांगा, अदलाबदल पण चालेल.

शहापूरची_सायकलवाली

९० चा आहे माझ्याकडं. आधी तुझ्या स्टेमचा व्हिडिओ कॉल कर, आजचा पेपर धरून.