शब्दचर्चा: प्रोपगंडा, अनुबोधपट आणि ढिगाऱ्यांतले सिनेमे

अर्धा_चहा:
एका दिवाळी अंकासाठी १९४५ ते १९५० मधल्या जर्मन सिनेमावर लेख लिहितोय. माहिती जमली, पण तीन शब्दांवर गाडी अडली आहे.

१. प्रोपगंडा. मी ‘प्रचारपट’ लिहिलं होतं. संपादकांनी सगळीकडे ‘प्रचारकी चित्रपट’ करून परत पाठवलं. दोन्ही एकच का?

२. ट्र्यूमरफिल्म. बॉम्बफेकीत उद्ध्वस्त झालेल्या शहरांत, खऱ्या पडक्या इमारतींत चित्रित झालेले सिनेमे. ट्र्यूमर म्हणजे पडझडीचे अवशेष. ‘भग्नपट’ सुचला, पण तो प्रोजेक्टरमध्ये फिल्म तुटल्यासारखा वाटतो.

३. वीडरआउफबाउ. पुनर्रचना, पुनर्बांधणी, पुनर्निर्माण, पुनर्वसन, की आणखी काही?

कुंडीतला_मोगरा:
पहिल्याबद्दल. मूळ लॅटिन क्रियापद बागेतलं आहे. फांदी वाकवून मातीत दाबायची, मुळं फुटली की तोडून वेगळं झाड करायचं. आपल्याकडे यालाच दाब कलम म्हणतात. १६२२ साली पोप ग्रेगरी पंधरावा यांनी धर्मप्रसारासाठी जी संस्था काढली तिच्या नावात हा शब्द आला आणि तिथून जगभर गेला. मुंबईच्या ख्रिस्ती समाजात एकोणिसाव्या शतकात ‘पाद्रोआदो’ आणि ‘प्रोपगंडा’ असे दोन तटच होते: एक पोर्तुगीज राजाच्या आश्रयाखालचा, दुसरा थेट रोमच्या अखत्यारीतला. तेव्हा प्रोपगंडा म्हणजे खोटं, असं कुणाच्या मनातही नव्हतं.

शाईचा_डाग:
मोगरा, छान. पण मराठीतला पेच वेगळा आहे. आपला ‘प्रचार’ बिचारा निरुपद्रवी आहे. राष्ट्रभाषा प्रचार, खादीचा प्रचार, निवडणुकीचा प्रचार. उमेदवार स्वतःच सांगतो, ‘आजपासून प्रचाराचा नारळ फोडतोय.’ वाईट अर्थासाठी आपण ‘अपप्रचार’ असा वेगळा शब्द केलाय. पण त्याच प्रचाराला ‘की’ लावा, लगेच शिवी होते. नाटक प्रचारकी आहे म्हटलं की नाटककार दोन दिवस जेवत नाही.

म्हणजे ‘प्रचारपट’ हे वर्गाचं नाव झालं आणि ‘प्रचारकी’ हा समीक्षकाचा शेरा. संपादकांनी नाव काढून शेरा घातलाय. प्रचारपट उत्तम असू शकतो. ‘उत्तम प्रचारकी चित्रपट’ म्हणून बघा, तोंडातच अडकतं.

अर्धा_चहा:
शाईचा डाग, हे नेमकं सापडलं. आता माझी खरी अडचण सांगतो, जरा लांबेल.

हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याच्या खात्याचं पूर्ण नाव १९३३ पासून ‘लोक-आउफक्लेरुंग आणि प्रोपगंडा’ मंत्रालय असं होतं. आउफक्लेरुंग म्हणजे अंधार दूर करून स्वच्छ करणं. युरोपातल्या अठराव्या शतकातल्या विचारपर्वाचं जर्मन नावही हेच. मराठीत त्याला आपण प्रबोधन म्हणतो. म्हणजे प्रामाणिक भाषांतर ‘लोकप्रबोधन व प्रचार मंत्रालय’ असं होतं! लिहिताना हात थबकला. प्रबोधन हा आपल्याकडे सोवळ्यातला शब्द. पण जर्मनांकडेही तो सोवळ्यातलाच होता, म्हणून तर पाटीवर लावला. नुसता ‘प्रचार’ लिहून प्रबोधन गाळलं तर वाचकाला लबाडीचा अर्धा भागच दिसेल.

आता युद्धानंतरचं बघा. दोस्त राष्ट्रांनी गोबेल्सचा वृत्तपट बंद केला आणि १९४५ मध्येच ब्रिटिश-अमेरिकन ‘वेल्ट इम फिल्म’ सुरू झाला, तो १९५२ पर्यंत चालला. छळछावण्यांच्या चित्रणातून ‘डी टोडेसम्युलेन’, म्हणजे मृत्यूच्या गिरण्या, हा बावीसेक मिनिटांचा पट जर्मन प्रेक्षकांसाठीच तयार केला गेला. पुढे मार्शल योजनेचे, म्हणजे युरोप पुन्हा उभा करायच्या अमेरिकन मदतीचे, दोनशेहून अधिक लघुपट आले. त्यातला १९५० चा एक कार्टूनपट मला फार आवडतो. एक जोडे शिवणारा, एक टोप्या करणारा. टोपीवाल्याला माल थोडा, महाग आणि जकातीच्या आडोशाला विकायचाय. जोडेवाला म्हणतो, भरपूर करू, स्वस्त विकू, सीमा उघडा. कोण जिंकतं ते सांगायला नको. गोडवा असा की उपदेश पोटात गेल्यावर कळतो. आणि गंमत म्हणजे हे लघुपट करणाऱ्या अमेरिकेत ते दाखवायला कायद्याची आडकाठी होती, कारण सरकारने आपल्याच जनतेवर प्रचार करू नये!

माझ्या पहिल्या मसुद्यात नाझींचे ते ‘प्रचारपट’ आणि मार्शल योजनेचे ते ‘अनुबोधपट’, म्हणजे माहितीपट, झाले होते. ठरवून नाही, हात आपोआप तसा वळला. वाचून स्वतःचीच लाज वाटली. एक द्वेष पेरत होता आणि दुसरा जकात कमी करा म्हणत होता, हा फरक डोंगराएवढा आहे, पण तो वाक्यात सांगावा. नामाच्या आत लपवू नये.

बाल्कनीचं_तिकीट:
अनुबोधपट! नाव काढलंत आणि तोंडाला खारे शेंगदाणे आले. सरकारचं फिल्म्स डिव्हिजन १९४८ मध्ये निघालं आणि थिएटरवाल्यांना मुख्य सिनेमाआधी त्यांची रिळं दाखवणं बंधनकारक होतं. धरण, खत, कुटुंब नियोजन. आमच्या गावच्या टॉकीजमध्ये ‘अनुबोधपट लागला’ याचा अर्थ होता अजून दहा मिनिटं आहेत, पुडी घेऊन या. पुढे आमच्या घरात तो शब्दच पडला. आजोबा जेवताना काटकसरीवर बोलायला लागले की आत्या हळूच म्हणायची, ‘अनुबोधपट सुरू झाला.’

तेव्हा तुमच्या जोडेवाल्याला अनुबोधपट म्हणायला माझी हरकत नाही. त्या शब्दात जांभई आहेच, सत्य वगैरे नाही.

शाईचा_डाग:
जांभई हा मुद्दा बिनतोड आहे. तरी मी अर्धा चहांच्या बाजूने. ‘प्रचारपट’ दोघांनाही लावा. आणि मराठी वर्तमानपत्रांत विरोधकाच्या प्रत्येक भाषणाला ‘गोबेल्स नीती’ म्हणतात, तेही लेखात एका ओळीत येऊ द्या.

औसा_रोड:
दुसऱ्या आणि तिसऱ्या शब्दावर बोलतो. मलबा लिहू नका, तो टीव्हीवरच्या हिंदीतून आलाय. राडारोडा अस्सल आहे, पण त्याला महापालिकेच्या नोटिशीचा वास येतो: राडारोडा टाकणाऱ्यावर कारवाई. तो घर पाडणाऱ्याचा शब्द आहे, ज्याचं घर पडलं त्याचा नाही. आमच्याकडे १९९३ च्या भूकंपानंतर एकच शब्द ऐकू यायचा, ढिगारा. ‘ढिगाऱ्याखाली’ एवढं म्हटलं तरी पुढचं कुणी विचारत नसे. ढिगारापट म्हणा. कानाला खडबडीत लागतो, लागू द्या.

पुनर्वसन माणसांचं, पुनर्बांधणी घरांची. किल्लारीत हे दोन वेगवेगळ्या वेळी झालं. नवीन गावात रांगेने घरं उभी राहिली, पण कितीतरी दिवस म्हातारी माणसं जुन्या गावाच्या जागी जाऊन बसायची. तुमच्या लेखात कुठला अर्थ हवाय ते आधी ठरवा.

व्याकरण_बिकरण:
पुनर्उभारणी लिहू नये. संधी करायचा तर पुनरुभारणी होतो, आणि उभारणीसारख्या मराठी शब्दाला तो पोशाख बसत नाही. ‘फेरउभारणी’ लिहा. फेरमोजणी, फेरतपासणी, फेरविचार चालतात ना?

अर्धा_चहा:
फेरउभारणी घेतला. ढिगारापटही घेतला. औसा रोड, तुमचं वाचून लेखातला एक परिच्छेद काढून टाकला. त्यात ‘जर्मनीचं पुनर्वसन’ असं बिनदिक्कत लिहिलं होतं.

जाता जाता आणखी एक शब्द. नाझी पक्षाशी कुणाचा किती संबंध होता हे ठरवायला, दोस्त राष्ट्रांनी वाटून घेतलेल्या जर्मनीच्या अमेरिकन विभागात १३१ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेत. मग शेजारी, पाद्री, जुने ओळखीचे यांच्याकडून ‘माणूस चांगला’ अशी पत्रं आणायची. लोक त्या पत्राला ‘पर्झिलशाइन’ म्हणत. पर्झिल हा कपडे धुण्याच्या पावडरचा ब्रँड, शाइन म्हणजे दाखला.

बाल्कनीचं_तिकीट:
धुतल्या तांदळाचा दाखला!

अर्धा_चहा:
घेतला, आणि तोही फुकट.

हा शब्द आठवायचं कारण पहिला ढिगारापट. ‘डी म्योर्डर झिंड उंटर उन्स’, म्हणजे खुनी आपल्यातच आहेत. सोव्हिएत विभागात १९४६ च्या मे महिन्यात डेफा ही चित्रसंस्था निघाली आणि १५ ऑक्टोबरला बर्लिनमध्ये तिचा हा पहिला चित्रपट लागला. दिग्दर्शक वोल्फगांग श्टाउट. या गृहस्थाने १९४० च्या ‘यूड झ्यूस’ या ज्यूद्वेष्ट्या प्रचारपटात छोटी भूमिका केली होती, हे विसरू नये. नायक युद्धावरून परतलेला डॉक्टर. खिडक्यांच्या फुटक्या काचांच्या जागी एक्स-रेच्या फिल्म लावलेल्या, म्हणजे घरात उजेड येतो तो कुणाच्या तरी बरगड्यांतून. त्याचा जुना कॅप्टन, ज्याने निरपराधांना मारायचा हुकूम दिला होता, आता सुखवस्तू कारखानदार झालाय. मूळ पटकथेत डॉक्टर त्याला गोळी घालतो. सोव्हिएत अधिकाऱ्यांनी शेवट बदलायला लावला: सूड नको, खटला हवा. आता हा प्रचार म्हणायचा की शहाणपण? मी दोन्ही म्हणतो, आणि म्हणूनच ‘प्रचारपट’ या शब्दाला शिवी होऊ द्यायची नाही.

एकच वाक्य अडलंय. त्या कॅप्टनच्या कारखान्यात सैनिकांच्या लोखंडी शिरस्त्राणांची स्वयंपाकाची पातेली करतात. ‘शिरस्त्राणांची पातेली’ पोथीतल्यासारखं वाटतं. ‘हेल्मेटची पातेली’ म्हटलं तर डोळ्यांसमोर स्कूटर येते.

कुंडीतला_मोगरा:
अहो, तुमच्याकडे पातेल्याला टोप म्हणत नाहीत का? आमच्या कोकणात भात टोपातच शिजतो. आणि लढाईत डोक्यावर घालायचा तोही टोपच की, जिरेटोप.

अर्धा_चहा:
टोपांचे टोप! संपादकांना वाटेल छपाईची चूक आहे. तसंच पाठवतो.