मदत हवी आहे: घरी बनवलेल्या कोपऱ्यातल्या बेस हॉर्नला कोणता १५ इंची ड्रायव्हर टाकू?

जांभ्याचा_कोपरा

नमस्कार मंडळी,

रत्नागिरीजवळच्या आमच्या घरात मामांनी १९८९ साली स्वतः बनवलेली बेस हॉर्नची (कर्ण्यासारख्या रुंदावत जाणाऱ्या नळीतून खालचे स्वर वाढवणाऱ्या पेट्यांची) जोडी आहे. १९ मिमी प्लाय, आत घडी घातलेला हॉर्न, ड्रायव्हर (म्हणजे खुद्द स्पीकर) आतमध्ये आणि त्याच्या मागे बंद चेंबर. खोलीच्या दोन कोपऱ्यांत ठेवायचे म्हणूनच ते तसे बनवलेत. भिंती जांभ्याच्या, दीड फूट जाड, त्यामुळे कोपरा थरथरण्याचा प्रश्नच नाही. वर मिड हॉर्न आणि ट्वीटर आहेत, ते ठणठणीत आहेत. क्रॉसओव्हर (बेस आणि मिडची वाटणी होते ती सीमा) ३०० हर्ट्झला. अँप चॅनेलला ६० वॉटचा आहे आणि तो अर्ध्यापुढे कधी न्यावा लागलेला नाही.

आता दुखणं. ड्रायव्हर कोणत्या कंपनीचे ते कळायला मार्ग नाही, लेबलं केव्हाच गळून पडली. उजव्याची कॉइल ओपन आहे, मल्टीमीटर काहीच दाखवत नाही. डावा चालतो, पण कोन (हलणारा कागदी पडदा) बोटांनी सारखा दाबला तरी आत खरखर घासतो. दोन्ही कोनांवर बुरशीचे ठिपके आहेत, कोकणातला पावसाळा म्हटल्यावर ते आलंच.

डावा मध्यंतरी एका दुकानातून रिकोन करून (नवा कोन बसवून) आणला होता. "जाड कोन टाकलाय, आता आयुष्यभर बघायला नको," असं सांगून दिला. तेव्हापासून त्या बाजूचा आवाज झाकल्यासारखा येतो. पखवाजाच्या धुम्याचा घुमार येतो, पण थापेचा उठाव नाही. पुरुष गायकाचा खर्जही अंग चोरून बसतो. वॉट तेवढेच, कॅबिनेट तेच, मग हे का झालं तेही कळत नाही.

टेप लावून घेतलेली मापं:

थ्रोट (हॉर्नचं ड्रायव्हरकडचं अरुंद टोक) ४५ x १० सेंमी, म्हणजे ४५० चौ. सेंमी.
तोंड (खोलीकडचं रुंद टोक) साधारण ४७०० चौ. सेंमी.
मधल्या रेषेने हॉर्नची लांबी १.३ मीटरच्या आसपास.
मागचा चेंबर ६५ लिटर (ड्रायव्हरने व्यापलेली जागा वजा करून).

समोर तीन पर्याय आहेत.

अ) ओळखीच्या साउंडवाल्याकडे जुनी जेबीएल २२२६एच जोडी आहे. एक मूळ कोनवर, दुसरा रिकोन केलेला.

ब) लॅमिंग्टन रोडला पाहिलेला नवा १५ इंची, चार इंची कॉइल, "८०० वॉट". कागदावर एफएस (मोकळ्या ड्रायव्हरचा स्वतःचा कंपनस्वर) ३६ हर्ट्झ, क्यूईएस (मॅग्नेट-कॉइलचा कोनवरचा लगाम, आकडा कमी म्हणजे लगाम घट्ट) ०.४२, व्हीएएस (कोन धरून ठेवणाऱ्या सस्पेन्शनइतकी लवचीक हवा) ११२ लिटर, एमएमएस (हलणाऱ्या भागांचं वजन) १९० ग्रॅम.

क) भाचा म्हणतो, कार सबवूफर टाक. १२ इंची, एफएस २८, क्यूईएस ०.५०, व्हीएएस ६१ लिटर. लाकडी रिंग करून बसवता येईल.

माझा कल 'ब'कडे आहे, कारण नवा आणि दणकट. कॅबिनेटला मात्र करवत लावायची नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

---

डीजे_वरात

डोळे झाकून ब घ्या. चार इंची कॉइल जळत नाही. आमच्याकडे सीझनभर रोज वाजतात. जुन्या मालात पैसे घालू नयेत.

---

ओहमदादा

वरात, तुमचा माल रस्त्यावर हजार वॉट खातो. यांचा अँप ६० वॉटचा आहे आणि तोही अर्ध्यावर. कॉइल जळण्याची भीती इथे नाहीच, त्यामुळे वॉटचा आकडा बाजूला ठेवा.

जांभ्याचा_कोपरा, मापं दिलीत हे फार बरं केलंत. बहुतेक लोक फक्त "१५ इंची" एवढंच लिहितात. साध्या बॉक्समध्ये ड्रायव्हर आधी ठरतो आणि त्याच्या मापाने पेटी होते. तुमच्याकडे उलट आहे. थ्रोट आणि मागचा चेंबर मामांनी ठरवून ठेवलेत, आता ड्रायव्हरने त्यांच्यात बसायचं. आणि मामांनी बनवलंय ते गणित करूनच, ओळीने दाखवतो.

४५० वरून ४७०० चौ. सेंमी १.३ मीटरमध्ये, म्हणजे दर ३८ सेंमीला क्षेत्रफळ दुप्पट. हा ५० हर्ट्झ कटऑफचा (त्याखाली हॉर्न काम करत नाही) एक्स्पोनेन्शियल हॉर्न झाला. ५० हर्ट्झची तरंगलांबी ६.९ मीटर. मोकळ्या हवेत एवढ्या हॉर्नला पावणेचार चौ. मीटरचं तोंड लागतं. कोपऱ्यात जमीन आणि दोन भिंती मिळून त्याचा आठवा हिस्सा पुरतो, म्हणजे ०.४७ चौ. मीटर. बरोबर तुमचे ४७०० चौ. सेंमी. अमेरिकन स्पीकर-निर्माते पॉल क्लिप्श यांनी १९४० च्या दशकात कोपऱ्यातला हॉर्न केला त्यामागे हीच बचत होती. तुमच्या जांभ्याच्या भिंती म्हणजे या हॉर्नचा शेवटचा, फुकट मिळालेला भाग आहेत.

आता मागचा चेंबर. कटऑफच्या जवळ हॉर्न कोनवर जो रिअॅक्टिव्ह (वजनासारखा, आवाज न देणारा) भार टाकतो, तो कोनच्या सस्पेन्शनच्या आणि मागच्या हवेच्या स्प्रिंगने फेडायचा असतो. दोन्ही स्प्रिंग मिळून जे आकारमान यायला हवं ते असं काढतात: थ्रोटचं क्षेत्रफळ गुणिले आवाजाचा वेग, भागिले दोन पाय (२π) गुणिले कटऑफ. तुमच्या मापांनी ४९ लिटर येतं. हे व्हीएएस आणि चेंबर यांचं मिळून, समांतर रेझिस्टर जोडतो त्या सूत्राने (१/एक + १/दुसरा = १/एकूण). चेंबर ६५ लिटरवर पक्का असेल तर व्हीएएस २०० लिटरच्या आसपास हवा. दीडशे ते अडीचशे चालेल.

या चाळणीतून तुमचे पर्याय काढा.

२२२६एचचा व्हीएएस १७५ लिटर. त्याला चेंबर ६९ लिटरचा हवा, तुमचा ६५ आहे. यापेक्षा जवळ काय मागायचं?

'ब'ला ८८ लिटर लागतील. चेंबर लहान पडेल आणि ६०-७० हर्ट्झच्या खाली हात आखडता येईल. मरणार नाही, पण आहे त्यातलं वाया जाईल.

'क'ला अडीचशे लिटरहून जास्त. भाच्याला म्हणावं, गाडीत टाक.

---

जांभ्याचा_कोपरा

ओहमदादा, मनापासून धन्यवाद. मामांची वही वाळवीने खाल्ली, त्यामुळे हे आकडे कुठून आले ते आम्हाला कधी कळलंच नव्हतं. पण रिकोनचं कोडं राहिलंच. आणि 'ब'चं मॅग्नेट एवढं मोठं असताना तो कमी का पडावा?

---

अनुनाद

रिकोनचं मी सांगतो, कारण त्यातच 'ब'चंही उत्तर आहे.

हॉर्नमधल्या ड्रायव्हरला वरच्या बाजूला एक हद्द असते. ध्वनी-अभियंते डॉन कील यांनी १९७७ साली थील-स्मॉल आकड्यांवरून (एफएस, क्यूईएस, व्हीएएस वगैरे) बेस हॉर्न कसा काढायचा याचा निबंध वाचला, त्यात ही हद्द सोप्या रूपात आहे. व्यवहारात दोन गुणिले एफएस भागिले क्यूईएस धरा. त्याच्या वर कोनचं वजन आड येतं आणि आवाज उतरायला लागतो.

२२२६एच: दोन गुणिले ४० भागिले ०.३३, म्हणजे २४० हर्ट्झच्या थोडं वर.
ब: १७१ हर्ट्झ.
क: ११२ हर्ट्झ.

तुमचा क्रॉसओव्हर ३०० वर आहे. 'ब' टाकलात तर १७० ते ३०० हा पट्टा उतरणीवर जाईल. पखवाजाच्या थापेचा उठाव आणि खर्जाचं अंग नेमकं तिथेच असतं.

हेच सूत्र उलगडलं तर एफएस गळून जातो. उरतं बीएलचा (मॅग्नेट-कॉइलच्या जोराचा) वर्ग भागिले कॉइलचा रेझिस्टन्स, आणि त्याला भागायचं कोनच्या वजनाने. म्हणजे मॅग्नेट आणि कॉइल तीच ठेवून २२२६एचच्या ९८ ग्रॅमच्या जागी १५० ग्रॅमचा कोन चिकटवला, तर २४० ची हद्द १५६ वर येते. तुमच्या डाव्याचं तेच झालंय. जाड कोन पडला, आवाज झाकला गेला. दुकानदाराने फसवलं असं म्हणणार नाही. साध्या पेटीत जाड कोन निभावतो, हॉर्नमध्ये निभावत नाही.

'ब'चं मॅग्नेट मोठं आहे हे खरं, पण ते १९० ग्रॅम ओढण्यात खर्ची पडतं.

---

ओहमदादा

अनुनादशी सहमत. थ्रोटचं गणितही जुळतं: दोन पाय गुणिले एफएस गुणिले क्यूईएस गुणिले व्हीएएस, भागिले आवाजाचा वेग. २२२६एचला ४२० चौ. सेंमी येतं, तुमचा ४५०. 'ब'ला ३०८. कोनचं क्षेत्रफळ ८८० चौ. सेंमी, म्हणजे थ्रोटशी जवळपास दोनास एक. कोनवर फाजील दाब नाही.

---

बुधवार_पेठ

गणित छान आहे, पण ते गणित कागदावरच्या २२२६एचचं आहे. यांना मिळणाऱ्या जोडीतला एक रिकोन केलेला आहे. त्यात मूळ कोन आहे की बाजारातला, हे कोण सांगणार? साउंडवाल्यांकडच्या जुन्या मालात बास्केट (धातूचा सांगाडा) एकाची आणि पोटात दुसऱ्याचंच असं सर्रास दिसतं. मोजल्याशिवाय पैसे देऊ नका.

---

जांभ्याचा_कोपरा

मोजायचं कसं? माझ्याकडे मल्टीमीटर, लॅपटॉप आणि साधं साउंडकार्ड एवढंच आहे.

---

बुधवार_पेठ

तेवढं पुष्कळ झालं. आरईडब्ल्यू हा फुकटचा प्रोग्रॅम घ्या, त्यात इम्पिडन्स (कॉइलचा वेगवेगळ्या हर्ट्झला होणारा विरोध) मोजायची सोय आहे. एक १०० ओहमचा रेझिस्टर आणि साउंडकार्डच्या दोन इनपुटला दोन वायरी, जोडणी त्याच्याच मदत-पानात आहे. ड्रायव्हर कॅबिनेटबाहेर, हवेत मोकळा, उभा धरलेला असावा. जमिनीवर उताणा ठेवून मोजू नका.

आधी नुसता मोजा. आलेखात जिथे शिखर येईल तो एफएस. मग कोनवर वजन लावून पुन्हा मोजा. जुनी जाड पाच रुपयांची नाणी घरात असतीलच, तांबे-निकेलची, ती प्रत्येकी ९ ग्रॅमची असतात. सहा नाणी म्हणजे ५४ ग्रॅम. डस्ट कॅपच्या (कोनच्या मधल्या टोपीच्या) भोवती सारख्या अंतरावर, पोरांच्या खेळायच्या क्लेने चिकटवा. क्लेचं वजनही धरायचं, त्यामुळे सगळं एकदम सोनाराच्या काट्यावर टाकून घ्या. नाणं सैल राहिलं तर खुळखुळतं आणि आलेख वेडावाकडा येतो.

मूळ कोन असेल तर ४० चं शिखर ३२ च्या आसपास उतरेल. ३४-३५ वरच थांबलं तर कोन जड आहे असं समजा. दोन्ही आकडे प्रोग्रॅमला दिले की व्हीएएस, क्यूईएस, बीएल सगळं तोच काढून देतो. तुमच्या जुन्या डाव्यावरही हाच प्रयोग करा, अनुनादचं म्हणणं ताडून बघता येईल.

दोघांच्या एफएसमध्ये थोडा फरक असला तर घाबरू नका, सस्पेन्शन वापराने सैल पडतं. वजन आणि बीएल जुळले पाहिजेत.

---

डीजे_वरात

बरं बुवा, माघार. पण एक सांगतो, घ्यायच्या आधी कोन सरळ दाबून बघा, घासतो का ते. आणि मॅग्नेट बास्केटवरून सरकलेलं नाही ना तेही पाहा. ट्रकमधून पडलेल्या मालात ते होतं, आणि मग कितीही रिकोन करा, घासणारच.

---

अनुनाद

वरात यांचा मुद्दा लाखमोलाचा आहे.

मोजून झालं की हॉर्नरिस्प या हॉर्नचं गणित करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आकडे भरा, तोही फुकट आहे. एस१ (थ्रोट) ४५०, एस२ (तोंड) ४७००, मध्ये एक्स्पोनेन्शियल १२९ सेंमी, अँगल ०.५ गुणिले पाय (म्हणजे खोलीचा कोपरा), मागचा चेंबर ६५. ड्रायव्हरचं वजन भरताना तिथे एमएमडी मागतात, एमएमएस नाही. एमएमडीत कोनला चिकटून हलणाऱ्या हवेचं वजन धरलेलं नसतं. त्या रकान्यावर दोनदा क्लिक केलं की एमएमएसवरून काढून देणारी खिडकी उघडते.

हॉर्नच्या कटऑफखाली कोनला हवेचा आधार राहत नाही. मागचा चेंबर बंद असल्याने थोडं सांभाळलं जातं, तरी ३५-४० हर्ट्झला हाय-पास (त्याखालचे स्वर अडवणारा) फिल्टर लावाच.

---

जांभ्याचा_कोपरा

साउंडवाल्याशी बोललो. गणपती झाल्यावर घरी नेऊन मोजायला देतो म्हणाला. रिकोन केलेला जड निघाला तर मूळ कंपनीचंच रिकोन किट शोधेन, नाहीतर मूळ कोनवाला दुसरा. 'ब' आणि 'क' बाद.

शेवटचा प्रश्न. मागच्या झाकणाची जुनी स्पंजपट्टी पीठ झाली आहे. नवी कसली लावू? आणि लाकडी स्क्रूची भोकं सैल झालीत.

---

ओहमदादा

दारं-खिडक्यांना लावतात ती बंद पेशींची रबरी पट्टी, सलग, कोपऱ्यात तुकडे न करता. भोकं थोडी मोठी करून आतून टी-नट ठोका आणि मशीन बोल्ट वापरा. झाकण कसल्यावर कोन हलकेच आत दाबून सोडा. सावकाश परतला तर चेंबर बंद आहे. टणकन आला तर कुठेतरी हवा गळते, उदबत्ती फिरवून जागा शोधा. वायर आत जाते ते भोक आधी बघा, बहुतेक वेळा गळती तिथेच सापडते.