‘विक्रांत’च्या युद्धसेवेचा गौरवफलक कसा लिहावा?

वाचनालय_कार्यवाह :
४ डिसेंबरच्या नौदल दिनानिमित्त आमच्या वाचनालयात पहिल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेवर फलक लावायचा आहे. ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे विजयालक्ष्मी पंडित यांच्या उपस्थितीत ती भारतीय नौदलात दाखल झाली, १९७१च्या युद्धात तिच्या विमानांनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील कॉक्स बझार, चितगाव, खुलना व मोंगला येथे हल्ले केले आणि ३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली, एवढा मसुदा तयार आहे. मतभेद दोन बाबींवर आहेत. १९६५च्या युद्धात ती दुरुस्तीसाठी गोदीत होती आणि १९७१मध्येही तिचा बॉयलर सदोष होता, हे गौरवफलकावर नमूद करावे का? आणि ‘या जहाजाला २ महावीर चक्रे व १२ वीर चक्रे मिळाली’ असे लिहिणे योग्य ठरेल का?

शिडाची_दोरी :
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. ही चक्रे व्यक्तींना दिली जातात, म्हणून ‘विक्रांतवरील अधिकारी व नौसैनिकांना’ असे लिहावे. महावीर चक्राचे दोन मानकरी, म्हणजे जहाजाचे कप्तान स्वराज प्रकाश आणि सी हॉक विमानांच्या ३०० क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे प्रमुख लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता, यांची नावे अवश्य द्यावीत.

बाष्पयंत्र :
बॉयलरचा उल्लेख वगळला, तर फलकावर पराक्रमाचा अर्धाच भाग उरेल, असे माझे ठाम मत आहे. विमानवाहू नौकेला वेग केवळ शत्रूपासून दूर जाण्यासाठी लागत नाही. विमान उडवताना ती वाऱ्याच्या दिशेने तोंड करून वेगाने निघते, त्यामुळे वाऱ्याचा वेग आणि नौकेचा वेग यांची बेरीज डेकवरून वाहते आणि वाफेवर चालणाऱ्या कॅटापल्टने फेकलेल्या विमानाला उड्डाणासाठी आवश्यक तेवढी उचल मिळते. वाफ तयार करणाऱ्या चार बॉयलरपैकी एकाला तडे गेल्याने ‘विक्रांत’चा वेग मर्यादित झाला होता, म्हणजेच वारा पडलेल्या दिवशी शस्त्रास्त्रांनी लादलेली विमाने उडवणे धोक्याचे होते. नवा बॉयलर आणून बसवण्याइतका अवधी नव्हता, आणि युद्धकाळात ही नौका बंदरातच उभी राहिली, तर नौसैनिकांच्या मनोधैर्यावर काय परिणाम होईल, याची चिंता नौदलप्रमुख ॲडमिरल नंदा यांना होती. अखेर तिला पूर्वेकडील ताफ्यात पाठवण्यात आले, कारण तेथे पाकिस्तानी हवाई दलाचे बळ अल्प होते.

ही पार्श्वभूमी ठाऊक असलेल्या वाचकालाच ४ डिसेंबरच्या कॉक्स बझारवरील हल्ल्याचे मोल कळेल. वैमानिकांची नावे पुढे येणे स्वाभाविकच आहे, पण तळाशी, वाफेच्या उकाड्यात, सदोष यंत्रणा अखेरपर्यंत चालू ठेवणारे अभियंते आणि खलाशी फलकांवर क्वचितच दिसतात. त्यांच्यासाठी निदान एक वाक्य राखून ठेवावे.

१९६५बाबत एकच ओळ पुरेशी आहे, मात्र ती असावी. ‘विक्रांत’ बुडवल्याचा दावा त्या युद्धात पाकिस्तानने केला होता आणि ती तर गोदीत सुखरूप उभी होती!

दर्यावर्दी_वाचक :
वरील मताशी मी सहमत आहे. तथापि मसुदा १९९७ला थांबतो, हे मला खटकते. निवृत्तीनंतर ही नौका मुंबईत २००१पासून संग्रहालय म्हणून खुली होती, पण असुरक्षित ठरल्याने २०१२मध्ये ते बंद करावे लागले. तिचा लिलाव रोखण्याचे प्रयत्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तरीही २०१४मध्ये मुंबईतील ‘दारूखाना’ या जहाजे तोडण्याच्या भागात तिची मोडतोड सुरू झाली. तिच्या धातूचा वापर करून घडवलेले स्मारक २०१६पासून मुंबईच्या नौदल गोदीजवळ आहे. जहाज जतन करणे हे अतिशय खर्चिक काम आहे आणि ते आपल्याला जमले नाही, हेही तिच्या इतिहासातच मोडते. फलकावर या नोंदीच्या शेजारी, २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे दाखल झालेल्या नव्या नौकेला तेच नाव आणि तोच ‘आर ११’ हा क्रमांक देण्यात आला, हे लिहिता येईल.

आणखी एक सूचना. पाकिस्तानच्या ‘गाझी’ पाणबुडीबद्दल लिहिताना शब्द जपून वापरावेत. ती ‘विक्रांत’च्या मागावर होती, त्या वेळी ‘विक्रांत’ अंदमानच्या बाजूला होती आणि शत्रूची दिशाभूल करण्यासाठी ‘राजपूत’ ही विनाशिका विशाखापट्टणमजवळ ‘विक्रांत’ची बतावणी करत होती, इथपर्यंत निःशंकपणे लिहावे. ‘गाझी’ नेमकी कशामुळे बुडाली, याबाबत दोन्ही देशांचे म्हणणे वेगळे आहे. भारताच्या मते ‘राजपूत’ने टाकलेल्या, पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बमुळे (डेप्थ चार्ज), तर पाकिस्तानच्या मते अपघाती स्फोटामुळे. त्यामुळे ‘विशाखापट्टणमजवळ बुडाली’ एवढेच लिहून तो श्रेयाचा वाद फलकाबाहेर ठेवावा.