तुमच्या गावच्या महिला मंडळानं नेमकं काय बदललं? (अनुभव धागा)

पऱ्हाटी (कळंब, यवतमाळ)

आमच्या गावच्या महिला मंडळाला यंदा एकवीस वर्षं होतात. कार्यक्रम ठरलाय, आणि "अहवाल तूच लिही, तू शिकलेली पोट्टी हायेस" म्हणत बायांनी ते काम माझ्या गळ्यात घातलं. सचिव मी नावाची. हिशेब सगळा अध्यक्ष काकूंच्या डोक्यात. कोणाचे किती हप्ते राहिले ते त्या निंदता निंदता सांगतात.

जुनी रजिस्टरं काढली. 2004 च्या पहिल्या पानावर तेरा नावं, त्यातल्या नवांपुढं जांभळे अंगठे. एक माझ्या आईचा. शाई जास्त झालेली, मागच्या पानावर उमटलेली. मग 3 जानेवारी 2006, सावित्रीबाईंच्या जयंतीची बैठक. ठराव क्रमांक दोन: "पुढील बैठकीपासून कोणीही अंगठा लावू नये. लावल्यास दोन रुपये दंड." मासिक बचत तेव्हा वीस रुपये होती, म्हणजे दंड काही गमतीचा नव्हता. आईनं सात महिने दंड भरला. आठव्या महिन्यात सही. वेलांटी उलट्या बाजूला, पण सही. ती सही चुलीपुढच्या राखेत बोटानं गिरवताना मी तिला पाहिलंय. तेव्हा मी चौथीत होते आणि मला तिची लाज वाटायची. हे आज पहिल्यांदा लिहितेय.

तर तुमच्याकडचं लिहा. 8 मार्चची भाषणं आणि हार घातलेले फोटो सोडून. फसलं असेल तेही लिहा, म्हणजे माझा अहवाल जरा खरा वाटेल.

---

निळी गाडी (झरी जामणी)

आमच्या वेळी गावात सातवीपर्यंतच शाळा. पुढची सहा किलोमीटरवर. मुलींना एसटीचा पास फुकट होता, पण शाळा सुटायची पाचला आणि शेवटची गाडी जायची साडेचारला. फुकटचा पास दप्तरात ठेवून आम्ही पायी यायचो. दिवाळीनंतर लवकर अंधारतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना छातीएवढी पऱ्हाटी, त्यात रानडुकरं, आणि डुकरांहून वाईट म्हणजे फटफटीवरची पोरं. त्या एका हिवाळ्यात वर्गातल्या चौघींनी शाळा सोडली.

मंडळानं अर्ज केले. आगारात, पंचायत समितीत, जो साहेब भेटेल त्याच्या हातात. त्याला दीड वर्ष लागलं. मानव विकास योजनेतली, शाळेच्या मुलींसाठीची निळी गाडी सुरू झाली तेव्हा आमची दहावी होऊन गेली होती! पण अर्जांची वाट न पाहता बायांनी दुसरी गोष्ट केली. रोज दोघींनी फाट्यापर्यंत आम्हाला आणायला यायचं, पाळी लावून. दिवसभर वेचणी करून आलेल्या बाया, कमरेची कापसाची ओटी पण सोडलेली नसायची, हातात बॅटरी. एकदा पोरं गाडी आडवी लावून उभी राहिली. एका काकूनं बॅटरी सरळ एकाच्या तोंडावर मारली. "कोनाचा रे तू? थांब, तुया मायलेच इचारतो." त्याची माय मंडळातच होती. त्याच आठवड्यात तिची पाळी होती.

मी आज एएनएम (नर्स) आहे. त्या चौघींपैकी दोघी परत शाळेत आल्या. दोघी नाही.

---

संत्राबाग (वरुड, अमरावती)

थोडं कडू लिहितो, राग मानू नका. आमच्या गावात मंडळ म्हणजे आता कर्ज. जुना बचत गट ठीक होता, पैसा आपला, व्याज आपल्यातच. मग गाडीवरून कर्ज वाटणारे आले. कागद कमी, पैसा लवकर, दहा बायांनी एकमेकींचा जामीन घ्यायचा. माझ्या आईनं तिघांकडून उचल केली. एकाचा हप्ता भरायला दुसऱ्याकडून. हप्त्याच्या दिवशी वसुलीवाला ओसरीत बसायचा आणि एकीचा जरी कमी पडला तरी बाकी नऊ जणींना उठू द्यायचा नाही. पोथीला बसल्यागत बसायच्या बाया. आईची पोत गहाण गेली ती अजून तिथंच आहे.

आणि पैसे आईनं स्वतःसाठी घेतले होते का? माझ्या मोटरसायकलसाठी. हेही लिहिलं पाहिजे.

---

एक घरवाला (दर्यापूर)

बायकोची बैठक दर महिन्याच्या पाच तारखेला रात्री आठला. सुरुवातीला मी मुद्दाम त्याच दिवशी पाहुणे बोलवायचो. कबूल करून टाकतो. दोनतीनदा तिची बैठक बुडाली. चौथ्यांदा ती म्हणे, "कनकीचा डबा वरतं हाये," आणि चप्पल घालून गेली. पाहुण्यांदेखत मी पोळ्या लाटल्या. एकही गोल नाही, एक तर हुबेहूब विदर्भाचा नकाशा. सासरेबुवांनी काही न बोलता चार खाल्ल्या.

मंडळानं घराच्या नमुना आठवर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर, नवरा-बायको दोघांची नावं लावायची मोहीम काढली तेव्हा मी सही दिली. पारावर लोक म्हणाले, "घर बायकोले देऊन टाकलं काय बे?" पुढं आमच्याच आळीतल्या एकानं दारूच्या उधारीत घर अडकवायला काढलं. घेणारा म्हणे, उताऱ्यावर दोन नावं हायेत, दोघांची सही आन. बायको सही देईना. तिथंच अडलं. आता पारावर त्यावर कोणी हसत नाही. बोलत पण नाही म्हणा.

---

धुऱ्यावरची (राळेगाव)

आमच्याकडं रावेरीला सीतेचं देऊळ आहे. फक्त सीतेचं, राम शेजारी नाही. म्हणतात, वनवासात लेकरं घेऊन ती गावात गहू मागायला आली, कोणी दिला नाही, तिनं शाप दिला आणि रावेरीत गहू पिकेनासा झाला. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी तिथं लक्ष घातलं, देवळाचा जीर्णोद्धार झाला. त्यांच्याच लक्ष्मीमुक्तीच्या आंदोलनात नवऱ्यांनी आपणहून बायकांच्या नावानं जमिनी केल्या. मंडळाच्या बाया हे सगळं मला सांगायच्या तेव्हा मी मान हलवायची. जमीन नावावर असणं म्हणजे काय ते मला नंतर कळलं.

मालक गेले तेव्हा दोन्ही लेकरं लहान. पाच एकर, विहीर दिरासोबत सामाईक. तेराव्याला दीर म्हणे, "वहिनी, कागदाचं मी पायतो, तुमी इथं अंगठा करा." मी म्हटलं मला सही येते. तो म्हणे मग सही करा. मी कागद वाचला. हक्कसोडपत्र होतं.

फेरफाराला सात महिने लागले. प्रत्येक वेळी नवा कागद. वारसाचा दाखला आणा, मग म्हणे दिराची संमती आणा, जी लागतच नव्हती. मंडळातल्या चौघी माझ्यासोबत यायच्या. काही बोलायच्या नाहीत. नुसत्या कचेरीच्या बाकड्यावर बसायच्या, तंबाखू मळत, भाकर खात, दिवस दिवस. शेवटी तिथला कारकूनच वैतागून म्हणाला, "बाई, यायले घरी घेऊन जा, तुमचं काम करतो." सातबाऱ्यावर माझं नाव आलं त्या दिवशी आम्ही पाच जणींनी स्टँडवर समोसे खाल्ले. पैसे मी दिले.

आता दुसरी बाजू. महाराष्ट्रात लेकीला वडिलोपार्जित हिस्सा 1994 पासून, देशात 2005 पासून. हे मी स्वतः बैठकीत बायांना समजावून सांगते. आणि मागच्या राखीला माहेरी जाऊन भावाच्या नावानं हिस्सा सोडून आले. माहेराचं दार उघडं राहावं म्हणून. मंडळात अजून कोणाला सांगितलेलं नाही.

---

निळी गाडी

@धुऱ्यावरची, नुसती वाचून गेले नाही हे कळावं म्हणून लिहितेय. बाकी काही सुचत नाही.

---

खडू-फळा (दारव्हा)

शिक्षिका आहे, नाव गाव लिहीत नाही. नववीतली एक मुलगी सलग आठ दिवस आली नाही. मंडळातल्या बाईनं निरोप धाडला, साखरपुडा झालाय, लग्न अक्षय तृतीयेला. कायद्यानं बालविवाह रोखायची जबाबदारी गावात ग्रामसेवकाची आहे, पण त्यांना त्याच घरी जेवायचं आमंत्रण होतं. शेवटी 1098 ला, लेकरांच्या हेल्पलाइनला, फोन झाला. मांडवात पोलीस आले, वडिलांनी लिहून दिलं. मंडळाच्या अध्यक्षीण बाईला सहा महिने गावातलं कोणी कामाला बोलावेना.

मुलगी शाळेत आली. दुसऱ्या वर्षी मामाच्या गावाला नेऊन लग्न लावलं. तेव्हा ती सोळाची. म्हणजे आम्ही एक वर्ष मिळवलं, बस.

पण तिनं सासरहून 17 नंबरचा फॉर्म भरला आणि बाहेरून दहावी केली. लेकरू कडेवर घेऊन हॉलतिकीट घ्यायला आली होती. लेकरू माझ्याकडं ठेवून पेपरला गेली. पहिल्या दिवशी मराठीचा पेपर, तीन तास ते पोरगं वर्गाबाहेर रडत होतं आणि मी खुळखुळा वाजवत होते. पर्यवेक्षक दोनदा ओरडले.

---

भुलाबाई (अकोट)

छोटंसं. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत आमच्याकडं भुलाबाई, गाणी म्हणायची आणि झाकलेली खिरापत ओळखायची. आमच्या मंडळानं खिरापत ओळखायला आधी विधवा बायांना बसवायचं ठरवलं. माझी आजी पंचवीस वर्षांनी टिपऱ्या घेऊन बसली. खिरापत काही ओळखता आली नाही तिला. तिळाची चटणी म्हणाली, होते खोबऱ्याचे लाडू. हसून हसून पुरेवाट.

---

आडवी बाटली (मूल, चंद्रपूर)

2010 च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर दारूबंदी मागायला बाया पायी गेल्या होत्या, त्यात माझी आई होती. आली तेव्हा तळव्यांना फोड, आणि ते कौतुकानं दाखवायची. 2015 ला जिल्ह्यात दारूबंदी झाली, 2021 ला उठली. बंदीत दारू मिळत नव्हती असं मी म्हणणार नाही, सगळ्यांना माहीत आहे कुठं मिळायची. पण बाबा संध्याकाळी रस्त्यावर पडलेले दिसत नव्हते, घरात यायचे आणि झोपायचे. आईला तेवढंही पुरेसं होतं. बंदी उठल्यावर ती दोन दिवस बोलली नाही. आता मंडळात जात नाही. "पाय दुखते" म्हणते.

---

संत्राबाग

@पऱ्हाटी, अंगठ्याच्या दंडाचं पुढं काय झालं? सगळ्या जणी सही करायला लागल्या का? आणि ते पैसे गेले कुठं?

---

पऱ्हाटी

सगळ्यांचे आभार. अहवाल चार पानांचा होता, आता अकरा झालाय. बायांना वाचून दाखवला तर म्हणाल्या, जेवन थंडं होईन.

@संत्राबाग, तुमचा प्रश्न वाचून रजिस्टर परत चाळलं. 2009 पर्यंत बारा जणी सहीवर आल्या. एक नाही. प्रत्येक बैठकीला एक अंगठा, आणि त्यापुढं बारीक अक्षरात "दंड रु. 2". आजपर्यंत. कोरोनात बैठका बंद होत्या ते महिने सोडून मी मोजलं, 438 रुपये होतात. त्या पैशातून पहिल्याच वर्षी पाट्या आल्या होत्या. नंतर दरवर्षी दहावीच्या पोरींना पेनं.

तो अंगठा अध्यक्ष काकूंचा आहे. 2006 चा ठराव मांडणाऱ्याही त्याच. काल रात्री घरी जाऊन विचारलं, काकू, असं का? त्या लसूण सोलत होत्या.

"हिसाब मले तोंडपाठ हाये, सही कायले पायजे?"

मग ठराव कशाला मांडला?

"तुया मायसाठी. तिले दोन रुपये लय जड जायचे."

अहवालात हे लिहू का विचारलं तर नको म्हणाल्या. मी लिहिलंय. पुढच्या बैठकीला माझ्या नावावर पण काहीतरी दंड निघणार बहुतेक.