वॉरंटी वाढवू की प्रतिस्पर्धी कंपनीची नवी सेदान घेऊ? (सोलापूर, डिझेल, १,१२,००० किमी)

टॉवेल_सोलापूर

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे, पण आकडे दिल्याशिवाय कुणाला नीट सांगता येणार नाही म्हणून सगळं लिहितो.

माझी गाडी जर्मन सेदान, डिझेल, डिसेंबर २०२१ची. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, नाव आलं की सगळी चर्चा तिकडेच जाते. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. दर आठवड्याला पुणे आणि महिन्यातून एकदा मुंबई होतेच. वर्षाला २८,००० किमी, आजवर १,१२,००० झाले. मूळ वॉरंटी आणि घेताना सोबत मिळालेली वाढ, दोन्ही धरून २१ डिसेंबरला मुदत संपते.

आता दोन फोन एकाच आठवड्यात आले. आमच्या सर्व्हिस सेंटरचा फोन: पाचव्या आणि सहाव्या वर्षाची वॉरंटी २,३६,००० रुपये, एकच वर्ष हवं असेल तर १,२८,०००. दुसरा फोन प्रतिस्पर्धी कंपनीच्या पुण्यातल्या शोरूममधून. लांब व्हीलबेसची (म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत अंतर जास्त, मागे पाय पसरायला जागा) नवी सेदान, माझ्या गाडीचे २६ लाख, वर २ लाख एक्स्चेंज बोनस, आणि दोन वर्षांची जादा वॉरंटी फुकट. अट एकच, ३१ डिसेंबरच्या आत बिल झालं पाहिजे. मुलगा म्हणतो घेऊन टाका. मला घाई नको वाटते.

वॉरंटीची भीती का बसली तेही सांगतो. गेल्या जूनमध्ये आईला (वय ८२) डोळ्यांच्या तपासणीसाठी पुण्याला नेत होतो. इंदापूरच्या अलीकडे पडद्यावर लाल खूण आली, इंजिनाचा जोर गेला, गाडी कडेला घ्यावी लागली. टो करणारी गाडी पुण्याहून यायला साडेतीन तास लागले. तेवढा वेळ आई एका रसवंतीवाल्याने दिलेल्या खुर्चीवर बसून होती. गाडी १९ दिवस वर्कशॉपमध्ये राहिली, बदली गाडी मिळाली नाही. शेवटी हातात आलेल्या कागदावर १,८४,००० लिहून खाली ‘वॉरंटी, देय रक्कम ०’ असं होतं. तो वरचा आकडा डोक्यातून जात नाही. वॉरंटी नसती तर?

गाडीवर माझं प्रेम आहे. आईला मागची सीट सोसते, तिची पाठ दुखत नाही, हे माझ्यासाठी मोठं कारण आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

निखिल_कोथरूड

वॉरंटी घ्या, डोळे झाकून. माझ्या गाडीच्या मागच्या दिव्यात पाणी शिरलं होतं, फक्त एका दिव्याला ७८,००० सांगितले. वॉरंटीत गेला.

भोसरी_गॅरेज

काका, डोळे झाकून काहीच घेऊ नका. मी ११ वर्षं पुण्यात एका अधिकृत वर्कशॉपमध्ये सर्व्हिस अॅडव्हायझर होतो, या वॉरंट्या मी स्वतः विकल्या आहेत. सहा वर्षांपासून भोसरीत स्वतःचं गॅरेज आहे. दोन्ही बाजूंनी बघितलं आहे म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्या वापरात काय खराब होतं ते आधी बघू. एप्रिल २०२० नंतरची म्हणजे बीएस-६ डिझेल. धूर स्वच्छ करायला त्यात अॅडब्लू (युरियाचं द्रावण) फवारतात, आणि ते काम नीट होतंय का हे बघायला एक्झॉस्टमध्ये नॉक्स (नायट्रोजनचे विषारी वायू) मोजणारे सेन्सर असतात. सेन्सर, अॅडब्लूची टाकी, तिचा हीटर, पंप, यातलं काहीही बिघडलं तर गाडी आधी इशारा देते, मग किलोमीटर मोजायला लागते, आणि आकडा शून्यावर आला की इंजिन पुन्हा सुरूच होत नाही. गाडीत दुसरं काहीही बिघडलेलं नसतं, तरी गाडी उभी. तुमच्या बाजूने एक गोष्ट चांगली आहे. हायवेवर सलग चालणाऱ्या गाडीचा काजळी अडवणारा फिल्टर स्वतःला जाळून साफ करत राहतो. शहरात चार-चार किलोमीटर फिरणाऱ्या डॉक्टर-वकिलांच्या डिझेल गाड्यांत तोच तुंबलेला मी नेहमी बघतो.

तुमच्या विरुद्ध जाणारी गोष्ट म्हणजे सोलापूरचं ऊन. कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) टाकी, थर्मोस्टॅटचं घर, पाण्याच्या पंपाचे भाग यांत प्लास्टिक भरपूर असतं. चार-पाच उन्हाळे काढल्यावर ते ठिसूळ होतं. इंदापूरला तुमचं जे झालं ते मला त्याच घराण्यातलं वाटतं, जॉबकार्ड (वर्कशॉपचा तक्रार-दुरुस्तीचा कागद) बघितल्याशिवाय खात्रीने सांगणार नाही.

आता कागद. फोनवर सांगितलेलं सगळं विसरा आणि अटींची पुस्तिका मागवा, सही करायच्या आधी. त्यात पहिल्यांदा बघा, ही वॉरंटी गाडी बनवणाऱ्या कंपनीची आहे की डीलरने एखाद्या विमा कंपनीमार्फत दिलेली. नाव तेच छापतात, पण दावा मंजूर करणारा माणूस वेगळा असतो. मग कशाला संरक्षण नाही त्याची यादी वाचा. ब्रेक पॅड, डिस्क, वायपर, टायर हे झिजणारे भाग नसणारच, त्यात गैर काही नाही. पण सस्पेन्शनचे बुश, शॉक अब्जॉर्बर, १२ व्होल्टची बॅटरी, रबरी होज, पडदा, हेडलाइट यांच्यापुढे काय लिहिलंय ते बोट ठेवून वाचा. मूळ वॉरंटीत असलेल्या गोष्टी वाढीव वॉरंटीत गुपचूप गळलेल्या असतात, आणि ते ग्राहकाला काउंटरवर कळतं. मी त्या काउंटरच्या आत उभा असायचो. ग्राहकाचा चेहरा पडलेला बघून घरी गेलं की जेवण जायचं नाही.

पाणी शिरून इंजिन बसलं तर कुठलीच वॉरंटी कामाची नाही. त्याला मोटार विम्यात इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कलम घ्यावं लागतं.

तिसरं, किलोमीटरची मर्यादा. मूळ वॉरंटीत किलोमीटर अमर्याद असले म्हणून वाढीवमध्येही असतीलच असं नाही. तुमच्यासारख्या २८,०००वाल्याने हे आधी बघावं.

आणि चौथं, सर्व्हिस कुठे करायची. २०१४च्या ऑगस्टमध्ये स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता, सुटे भाग आणि दुरुस्ती स्वतःच्या मुठीत ठेवल्याबद्दल. बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केलं एवढ्याच कारणावरून वॉरंटी रद्द करू नका, असंही त्या आदेशात होतं. चुकीच्या दुरुस्तीने नुकसान झालं तर मात्र कंपनी हात वर करू शकते. मी स्वतः गॅरेजवाला असूनही सांगतो, वाढीव वॉरंटी चालू आहे तोवर ठरलेली सर्व्हिस अधिकृत ठिकाणी आणि वेळेत करा. आदेश तुमच्या बाजूने असला तरी हायवेवर बंद पडलेली गाडी घेऊन वाद घालायला वेळ कुणाला आहे? एक तारीख महिनाभर चुकली म्हणून नाकारलेला दावा मी माझ्या हाताने लिहिलेला आहे.

चाकणकर_९५

भोसरीकरांनी गाडीच्या आतलं सांगितलं, मी बाजाराचं सांगतो. मी चाकण पट्ट्यात सुट्या भागांच्या पुरवठ्यात आहे, आणि मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी या तीन जर्मन कंपन्यांची शर्यत गेली वीसेक वर्षं जवळून बघतोय. माझ्या नावातला ९५ म्हणजे १९९५, त्या साली पुण्यात मर्सिडीजची ई-क्लास जुळायला लागली. वडील मला रस्त्यावर ती दाखवायला घेऊन गेले होते.

पहिला नंबर कुणाकडे कायम राहिलेला नाही. बीएमडब्ल्यूने २००७ला चेन्नईत कारखाना काढला आणि दोन वर्षांत मर्सिडीजला मागे टाकलं. मग ऑडी आली, तिच्या गाड्या आपल्या संभाजीनगरला शेंद्र्यात जुळतात. २०१३ला ऑडीने १०,००२ गाड्या विकल्या. २०१५ला मर्सिडीजने १३,५०२ विकून पहिला नंबर परत मिळवला आणि तो टिकवला. २०२४चे आकडे: मर्सिडीज १९,५६५, बीएमडब्ल्यू (मिनी धरून) १५,७२१, ऑडी ५,८१६.

काका, तुम्हाला डिसेंबरमध्ये फोन का आला हे यातून समजेल. वर्षाचा आकडा ३१ डिसेंबरला बंद होतो, डीलरचं टार्गेट त्यावर असतं. शिवाय १ जानेवारीला शोरूममधली प्रत्येक गाडी एका रात्रीत मागच्या सालची होते.

सेदानची लढाई तर आणखी चुरशीची आहे, कारण गिऱ्हाईक उंच गाड्यांकडे वळलंय. म्हणून दोघांनी मागे बसणाऱ्या मालकावर सगळा जोर लावला. मर्सिडीजने २०१७ला लांब ई-क्लास आणली, चाकणलाच बनते. २०२४च्या जुलैत बीएमडब्ल्यूने लांब ५ सिरीज ७२.९० लाखांना आणली आणि ऑक्टोबरमध्ये मर्सिडीजने नवी लांब ई-क्लास ७८.५० लाखांना. गाडी जवळजवळ एका मापाची झाल्यावर भांडायला उरतं काय? मागची सीट आणि वॉरंटी. २०२१ला मर्सिडीजने ए-क्लास लिमोझिनवर इंजिन-गिअरबॉक्सची ८ वर्षांची वॉरंटी दिली, २०२२च्या जूनपासून ऑडीने ५ वर्षं, किलोमीटर अमर्याद, असं जाहीर केलं. ही स्पर्धा आपल्या फायद्याची आहे. पण तिचा खरा फायदा गाडी घेताना टेबलावर मिळतो. चार वर्षांनी नाही.

फुकट वॉरंटीच्या जागी तेवढे पैसे किमतीत कमी करा म्हणून बघा. ‘नाही’ म्हणाले तर ती त्यांना किती स्वस्तात पडते ते कळेल.

जमाखर्च_नाशिक

मी सीए आहे, फक्त हिशेब सांगते. समजा नव्या गाडीची एक्स-शोरूम किंमत ७५ लाख. पेट्रोल असेल तर महाराष्ट्रात रस्ता कर १३ टक्के, म्हणजे ९ लाख ७५ हजार. डिझेलला १५. गाडी कंपनीच्या नावावर घेतलीत तर २० टक्के, म्हणजे १५ लाख. हे पैसे गाडी विकताना परत येत नाहीत. जीएसटीचं क्रेडिट प्रवासी कारवर मिळत नाही. गाडी व्यवसायाच्या हिशेबात घेणार असाल तर घसारा (गाडीची घटती किंमत खर्चात दाखवणं) १५ टक्के, पण डिसेंबरमध्ये घेतलेली गाडी त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली जाते, त्यामुळे यंदा निम्माच.

२६ लाखांच्या ऑफरबद्दल. २२ सप्टेंबर २०२५पासून मोठ्या सेदानवरचा जीएसटी (सेस धरून) ४८वरून ४० टक्क्यांवर आला. ७५ लाखांची गाडी त्याने साधारण ४ लाखांनी उतरते. नवी उतरली की जुनीही उतरते, तेव्हा तुमच्या मनात गेल्या वर्षीचा भाव असेल तर तो काढून टाका.

वॉरंटीच्या सव्वादोन-अडीच लाखांची तुलना दुरुस्तीच्या बिलाशी तर कराच, पण या ९ लाख ७५ हजारांशीही करा.

टॉवेल_सोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. चाकणकर, तुमच्या वडिलांची आठवण वाचून बरं वाटलं.

पुस्तिका मागवली. आधी म्हणाले ‘व्हॉट्सअॅपवर पाठवलेलं ब्रोशर तेच आहे’. दोन दिवस पाठपुरावा केल्यावर २३ पानं ईमेलवर आली. वॉरंटी कंपनीचीच आहे, विमा कंपनीची नाही. नॉक्स सेन्सर, अॅडब्लू टाकी, स्टीअरिंग रॅक, पडदा, हेडलाइट आत आहेत. बुश, शॉक अब्जॉर्बर, बॅटरी, होज बाहेर. गाडी विकली तर वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर होते.

भोसरीकर, किलोमीटरचं तुम्ही म्हणालात ते १७व्या पानावर सापडलं. ‘२ वर्षे किंवा एकूण १,५०,००० किमी, जे आधी होईल ते.’ माझ्याकडे ३८,००० उरलेत, म्हणजे १६ महिनेच. एका वर्षाची घेतली तर पुढच्या डिसेंबरला मी १,४०,०००वर असेन. दुसऱ्या वर्षाचे १,०८,००० भरून मला मिळणार फक्त १०,००० किमी, जेमतेम चार महिने. फोनवर तीनदा विचारलं होतं, तिन्ही वेळा ‘पूर्ण दोन वर्षं’ असंच उत्तर मिळालं. याचं वाईट वाटलं.

एकच वर्ष घेतोय. नवी गाडी पुढच्या वर्षी बघू. आईला घेऊन शोरूममध्ये जाईन, मागच्या सीटवर तिला अर्धा तास बसवून ठरवीन. मुलालाही पटलं, तो रस्ता कराचा आकडा बघून गप्प बसला.

भोसरी_गॅरेज

बरोबर केलंत काका. आता एक काम राहिलंय आणि त्याला तारीख आहे. २१ डिसेंबरच्या आत गाडी एकदा वर्कशॉपला न्या. बाहेर राहिलेले बुश आणि शॉक अब्जॉर्बर आज मूळ संरक्षणात बसत असतील तर तेही आत्ताच तपासून घ्या. आवाज, गळती, पडद्यावर एकदा येऊन गेलेली सूचना, जे काही आठवतं ते जॉबकार्डवर तुमच्या शब्दांत लिहायला लावा आणि प्रत घ्या. नंतर तोच दोष निघाला तर ‘हे आधीपासून होतं’ असं म्हणत वाढीव वॉरंटी नाकारू शकतात.

आदल्या दिवशी भोसरीला वळलात तर लिफ्टवर घेऊन खालून बघून देतो, पैसे नकोत. कूलंटच्या टाकीच्या सांध्यापाशी सुकलेले पांढरे किंवा गुलाबी डाग आहेत का ते मात्र तुम्ही आज सकाळी इंजिन थंड असतानाच बघा. असतील तर मोबाइलवर फोटो काढून ठेवा.